नवा फोम लावूनही वूफर पुन्हा घरघरतो तेव्हा

तक्रार बहुतेक वेळा अशी असते. सत्तर-ऐंशीच्या दशकातले बंद खोक्याचे स्पीकर, आत आठ किंवा दहा इंची वूफर, म्हणजे खालचे स्वर देणारा मोठा स्पीकर. त्याच्या कोनभोवतीची (शंकूसारख्या पडद्याभोवतीची) फोमची कड झडून गेली म्हणून नवी बसवून आणली. काही महिने आवाज सुरेख आला. मग एके दिवशी तानपुऱ्याच्या खर्जाखाली बारीक घरघर सुरू झाली आणि डग्ग्यावर कागद फडफडावा तसा आवाज यायला लागला. पुन्हा फोम बदलला, पुन्हा बरं वाटलं, पुन्हा तेच. शेवटी कारागीर म्हणतो, "भिया, पूरा कोन ही डलवा लो," आणि पन्नास वर्षं टिकलेला मूळ कोन त्याच्या टेबलाखालच्या भंगारात जातो.

इंदूरच्या मराठी घरांत अशा जोड्या अजून बऱ्याच आहेत. रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर इथल्या बैठकीच्या खोल्यांतून त्या दिसतात. काही आखाती देशांतून आलेल्या, काही मुंबईहून मागवलेल्या. त्यांतले बहुतेक वूफर वाचवता येतात. माझं म्हणणं इतकंच आहे की घरघर दुसऱ्यांदा आली, तर लगेच फोमला हात घालू नका. कोन हलवणारी तारेची कॉइल मधोमध का राहत नाही याचं कारण शोधा, आणि बाहेरून आत शोधत जा: आधी ॲम्प (ॲम्प्लिफायर), मग खोका, शेवटी वूफर. कारण बाहेर असेल, तर आतली कितीही चांगली दुरुस्ती टिकणार नाही.

घरघर खालच्या स्वरांतच का?

जनरल इलेक्ट्रिकच्या राइस आणि केलॉग यांनी १९२५ मध्ये ज्या रचनेचा निबंध मांडला, तीच रचना आजच्या वूफरमध्ये आहे. चुंबकाच्या अरुंद गोल फटीत तारेची कॉइल, तिला जोडलेला कोन, आणि दोन्ही सांभाळणारे दोन आधार: बाहेरची कड आणि आतला सुरकुत्यांचा स्पायडर. कॉइल आणि लोखंड यांच्यात प्रत्येक बाजूला साधारण पाव मिलिमीटर जागा असते. तेवढ्यात सगळं निभवायचं असतं.

त्यात एक साधं गणित आहे. तेवढ्याच जोराचा स्वर एक सप्तक खाली वाजवायचा, तर कोनला चौपट अंतर हलावं लागतं. काळी एकच्या गायकाचा मध्य षड्ज साधारण १३९ हर्ट्झचा, तानपुऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झचा. म्हणून गाणं मध्य सप्तकात असेपर्यंत काही कळत नाही आणि गायक मंद्रात उतरला की कॉइल घासायला लागते. इंदूर घराण्याचे उस्ताद अमीर खाँ (१९१२–१९७४) यांच्या विलंबित ख्यालासारखी परीक्षा दुसरी नाही. मंद्रातली संथ बढत, लांबवलेले स्वर, मागे मोजका ठेका. घरघर झाकायला तिथे काहीच नसतं. ज्यांना मोजमाप हवं, त्यांनी मोबाइलवरच्या टोन जनरेटरनं २० ते १०० हर्ट्झचा स्वर हळूहळू सरकवावा, आवाज बेताचा ठेवून. शुद्ध स्वरात घासण्याचा आवाज लगेच वेगळा पडतो.

आधी दोष कोणाचा ते ठरवा

ॲम्प बंद करा, डाव्या-उजव्या स्पीकरच्या तारांची अदलाबदल करा, तीच रेकॉर्ड पुन्हा लावा. घरघर स्पीकरबरोबर गेली तर दोष स्पीकरमध्ये. घरघर पहिल्याच चॅनलला राहिली तर ॲम्प, तार किंवा पिकअप. पाच मिनिटांचं काम आहे, तरी वूफर उघडून बसलेले लोक ते करत नाहीत.

दोष स्पीकरमध्ये दिसला तरी ॲम्प सुटत नाही. वूफर आज घासतो आहे, पण त्याला त्या अवस्थेला नेणारा ॲम्प असू शकतो. यावर जरा थांबतो, कारण वारंवार उलटणाऱ्या दुखण्याचं हे कारण सर्वांत कमी तपासलं जातं.

जुन्या ट्रान्झिस्टर ॲम्पच्या स्पीकर टर्मिनलवर, गाणं वाजत नसताना, शून्य व्होल्ट डीसी असायला हवा. प्रत्यक्षात थोडा असतोच. ५० मिलीव्होल्टच्या आत असेल तर काळजी नाही. १०० च्या वर गेला तर ॲम्प कारागिराला दाखवा. काही व्होल्ट असतील तर तो ॲम्प स्पीकरला जोडूच नका, कॉइल जळेल. मोजायची रीत: स्पीकरच्या तारा काढा, आवाज शून्यावर, ॲम्प दहा मिनिटं तापू द्या, मल्टिमीटर डीसीच्या २० व्होल्ट पट्टीवर ठेवून दोन्ही चॅनल तपासा, आकडा लहान असेल तर खालच्या पट्टीवर या.

रामबागेतले एक काका विचारत होते, "अरे, दर वेळी डावाच का बिघडतो? दोन्ही एकाच दिवशी, एकाच माणसाकडून करून घेतलेत."

"काका, जाळी काढा, ॲम्प लावा, आवाज शून्यावर राहू द्या. नुसतं कोनकडे बघा."

सुरू होताना उजवा कोन किंचित हलून जागेवर आला. डावा पुढे सरकला आणि तिथेच राहिला. मीटरवर डाव्या बाजूला पाऊण व्होल्टच्या वर डीसी होता. आठ इंची वूफरमध्ये एवढ्यानं कोन साधारण मिलिमीटरभर सरकून बसतो. आवाज येत नाही, कॉइल जळत नाही, पण रोज दोन-तीन तास फोम आणि स्पायडर एकाच बाजूला ताणलेले राहतात. नवा फोम पहिल्या काही आठवड्यांत सैल होत जातो. तो अशा ताणात सैल झाला तर सगळीकडून सारखा होत नाही, कोन तिरपा बसतो, आणि पाव मिलिमीटरची जागा एका बाजूनं संपते. काकांच्या ॲम्पमध्ये डीसी शून्यावर आणायचा लहान प्रीसेट गंजला होता. तो बदलून नीट लावल्यावर आकडा काही मिलीव्होल्टवर आला. फोम त्यानंतर पुन्हा बसवावा लागला, पण तो टिकला.

रेकॉर्ड ऐकणाऱ्यांसाठी आणखी एक तपासणी. वाकलेली रेकॉर्ड वाजताना जाळी काढून वूफर पाहा. ३३⅓ फेऱ्यांची रेकॉर्ड सेकंदाला अर्ध्याहून थोडी जास्त फेरी घेते. तिच्या वाकामुळे निघणारी हालचाल ऐकू येण्याच्या खूप खालची असते. टोनआर्म आणि कार्ट्रिज यांचा स्वतःचा डोल (अनुनाद) साधारण ८ ते १२ हर्ट्झला असतो, तो ही हालचाल वाढवतो. कोन मोठमोठे हेलकावे खाताना दिसतो, ऐकू मात्र काहीच येत नाही. समोर किंवा मागे भोक असलेल्या खोक्यात हे जास्त होतं, कारण भोकाच्या सुरापेक्षा खाली खोक्यातली हवा कोनला आवरत नाही. ॲम्पवर 'सबसॉनिक' किंवा 'लो फिल्टर' बटण असेल तर ते दाबा. त्यानं गाण्यातला खर्ज जाईल अशी भीती पुष्कळांना वाटते. सबसॉनिक फिल्टर सहसा २० हर्ट्झच्या आसपास कापतो, आणि खर्ज तिथून बराच वर आहे.

बंद खोक्याची हवा

एडगर विल्चर यांनी १९५४ मध्ये ॲकॉस्टिक रिसर्चच्या पहिल्या स्पीकरमध्ये एक कल्पना आणली: वूफरचे आधार मुद्दाम सैल ठेवायचे आणि त्याला परत ओढायचं काम बंद खोक्यातल्या हवेकडून करून घ्यायचं. पुढे या पद्धतीचे बंद खोके जगभर बनले, आणि आपल्या घरांतल्या बऱ्याच जोड्या याच जातीच्या आहेत. अशा खोक्यात हवा गळली की वूफरला आवरणारं कोणी उरत नाही. तो पुढे-मागे जास्त जातो, जोराच्या ठोक्याला, ज्यावर कॉइल गुंडाळलेली असते ते नळकांडं मागच्या लोखंडी तबकडीवर आदळतं, त्याची कड दुमडते, आणि दुमडलेली कड फटीत घासते. फोम बदलून हे बरं होणार नाही.

गळती ओळखायला वूफरचा कोन दोन्ही हातांच्या बोटांनी, मधल्या घुमटासारख्या टोपीच्या दोन बाजूंना सारखा दाब देऊन, थोडा आत ढकला आणि सोडा. खोका हवाबंद असेल तर कोन सावकाश परत येतो. गळका असेल तर पटकन उसळतो. गळती बहुधा वूफरखालच्या वाळलेल्या गॅस्केटमधून, मागच्या टर्मिनलच्या पट्टीतून किंवा ट्विटरचा (वरचे स्वर देणाऱ्या लहान स्पीकरचा) आवाज कमी-जास्त करायच्या मागच्या बटणाच्या भोवती असते. गळक्या फटीतून येणारी फुसफुस आणि कॉइलची घरघर कानाला जवळजवळ सारखी लागते, म्हणून वूफर उघडण्याआधी ही परीक्षा करावीच. गॅस्केटसाठी दारा-खिडक्यांना लावायची बारीक फोमपट्टी चालते. सिलिकॉन लावू नका. पुढच्या वेळी वूफर काढताना खोक्याचं लाकूड उचकटून येतं.

वूफर बाहेर काढल्यावर

स्क्रू काढताना दुसरा हात कोनवर आडवा धरा. वूफरचं चुंबक स्क्रूड्रायव्हर ओढून घेतं आणि कोनला भोक पडतं. चांगले कोन असेही गेले आहेत. आधी सांगाड्यावर वरच्या बाजूला पेन्सिलनं खूण करा. ही खूण पुढे लागणार आहे.

वूफर टेबलावर उताणा ठेवा, कोन सारख्या दाबानं हळू आत न्या. खरखर लागली तर दाब जरा उजवीकडे, डावीकडे, वर, खाली झुकवून पाहा. एका दिशेला झुकवलं की खरखर थांबते, असं असेल तर कॉइल सलामत असून फक्त मध्यातून सरकली आहे. कुठेही झुकवलं तरी घासतेच, असं असेल तर फटीत कचरा आहे, किंवा नळकांडं दुमडलं-फुगलं आहे, किंवा चुंबक सरकलं आहे.

आता वूफर खोक्यात बसतो तसा उभा धरा आणि परीक्षा पुन्हा करा. मग १८० अंशांत फिरवून, खालची बाजू वर आणून, पुन्हा. एका स्थितीत घासतो आणि उलट्या स्थितीत घासत नाही, तर स्पायडर झुकला आहे. वर्षानुवर्षं कोन, कॉइल आणि टोपीचं वजन एकाच बाजूला लोंबत राहिलं की स्पायडर खाली येतो. नवा फोम तो थोडे दिवस वर धरतो, फोम सैल झाला की कॉइल पुन्हा खाली टेकते. फोम बदलल्यावर काही महिन्यांनी दुखणं उलटतं त्यामागे हे कारण मला सर्वांत जास्त वेळा दिसलं आहे, आणि उपाय फुकट आहे: वूफर उलटा फिरवून बसवा. मगाशी केलेली खूण आता खाली यायला हवी. तारा पुरेशा लांब नसतील तर जोड द्या. जोडीतले दोन्ही वूफर एकदमच फिरवा; दुसराही तितकाच जुना आहे.

फटीतला कचरा काढायला पुठ्ठ्याच्या पातळ पट्टीवर मास्किंग टेप चिकट बाजू बाहेर ठेवून गुंडाळा आणि फटीत फिरवा. हवेच्या झोतानं लोखंडाचा कीस आणखी आत जातो, तिथे चुंबक त्याला धरून ठेवतं. पावसाळ्यात सादळलेल्या खोलीत राहिलेल्या वूफरमध्ये फटीच्या लोखंडावर गंज चढतो आणि त्याच्या खपल्या कॉइलला लागतात. घरघर फक्त जुलै ते सप्टेंबरमध्ये येत असेल आणि दिवाळीनंतर जात असेल, तर गंज नाहीतर कागदी नळकांडं, या दोघांवर संशय घ्या. कागद दमट हवेत फुगतो. अशा स्पीकरची जागा ओल धरणाऱ्या भिंतीपासून दूर हलवा आणि पावसाळाभर ते आठवड्यातून एक-दोनदा तरी वाजू द्या.

चुंबक सरकलं असेल तर ते डोळ्यांनी दिसतं. मागून पाहा: फेराइटची काळी कडी आणि लोखंडी तबकडी यांच्यात सगळीकडे सारखं अंतर आहे का? खोका पडला किंवा कुरिअरमध्ये आपटला की कडी एका बाजूला सरकते. हे घरचं काम नाही. आणि चुंबक अल्निकोचं असेल, सत्तरच्या दशकाअखेरपर्यंतच्या अनेक भारी वूफरमध्ये ते असे, तर तो भाग कोणालाही उघडू देऊ नका. अल्निको आपल्या लोखंडी घरातून बाहेर काढलं की त्याची शक्ती कमी होते, आणि पुन्हा चुंबकित केल्याशिवाय ती परत येत नाही.

दोन किरकोळ कारणं राहिली. टोपीची कड सुटली असेल तर भुणभुण येते. वाजत असताना टोपीवर बोट हलकेच टेकवलं की थांबते. कोनकडे जाणारी लवचिक तार तुटत आली असेल तर आवाज जातो-येतो, किंवा ती कोनवर आपटते. दोन्ही एका संध्याकाळचं काम.

फोम बसवायचाच असेल तर

आधी पाहा, मूळ कड फोमची होती का? पुष्कळ जुन्या वूफरना डांबरासारखा लेप दिलेल्या कापडाची किंवा रबराची कड असते. कापडाची कड पन्नास वर्षांनीही चांगली असते. ती कापून फोम लावणं म्हणजे चांगला वूफर बिघडवणं, आणि तरीही दुकानांत ते होतं.

जुना फोम पॉलियुरेथेनचा असतो. हवेतली ओल त्याच्या रेणूंची साखळी तोडत जाते, म्हणून न वाजवता कपाटात ठेवलेल्या स्पीकरचा फोमही झडतो. हाच नियम दुकानात पडून राहिलेल्या फोमलाही लागू आहे. पाकीटबंद आहे म्हणून तो ताजा ठरत नाही. विकत घेताना रिंग चिमटीत दाबा; तिनं लगेच आकार परत घ्यायला हवा आणि बोटाला चिकट लागता कामा नये.

माप 'आठ इंची' एवढं सांगून भागत नाही. कोनचा बाहेरचा व्यास, सांगाड्याच्या चिकटपट्टीचा आतला आणि बाहेरचा व्यास, आणि मधल्या गोल वळीची रुंदी, ही मापं मोजून घ्या. रिंगची आतली कड सपाट हवी की कोनच्या उतारासारखी तिरपी, तेही पाहा. उताराच्या कोनवर सपाट कड लावली तर ती चिकटते खरी, पण कोनला सतत वर ओढत राहते. जुना फोम कोनच्या वर चिकटवला होता की मागून, हे जुना काढायच्या आधी पाहून ठेवा आणि मोबाइलवर फोटो काढा.

जुना फोम आणि डिंक पूर्ण निघायला हवा, कोनवरून आणि सांगाड्यावरूनही. आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाची काडी, बोथट सुरी आणि धीर. इथे घाई झाली की नवा डिंक जुन्या भुगटीला चिकटतो, कोनला नाही.

कागदी कोनसाठी पाण्यात मिसळणारा पांढरा पीव्हीए डिंक मला सर्वांत विश्वासाचा वाटतो. तो सावकाश सुकतो, तेवढ्यात कोन सरकवता येतो, आणि सुकल्यावर जागा सोडत नाही. चपला चिकटवायचा पिवळा रबरी डिंक झटकन धरतो, म्हणून दुकानांत तो आवडतो. पण तो उष्णतेनं मऊ होतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीपार असताना गच्चीखालच्या खोलीत ताणलेला फोम अशा डिंकावरून कणाकणानं सरकतो. मार्चमध्ये केलेलं काम जूनमध्ये घरघरायला लागतं, त्यात याचा वाटा मोठा आहे. सायनोअक्रिलेट तर अजिबात नको; सांधा काचेसारखा कडक होतो आणि फोम त्याच रेषेवर फाटतो. प्लास्टिकच्या कोनला पांढरा डिंक धरत नाही, आणि काही जुनी प्लास्टिकं, ब्रिटिश वूफरमधलं बेक्स्ट्रीन त्यांतलं एक, सॉल्व्हंटनं विरघळतात. डिंक आधी मागच्या बाजूला थेंबभर लावून पाहा.

आता कॉइल मधोमध ठेवणं. दोन रीती आहेत. पहिली: टोपी धारदार पात्यानं कडेनं कापून काढा आणि नळकांडं व मधला लोखंडी खांब यांच्यात फिल्मच्या पट्ट्या चारही बाजूंनी घाला. धुतलेली एक्स-रे फिल्म किंवा ओव्हरहेड प्रोजेक्टरची पारदर्शक शीट चालते. पट्टी घट्ट बसावी, पण कोंबावी लागू नये. फोम चिकटवा, चोवीस तास हलवू नका, मग पट्ट्या काढा आणि टोपी लावा. दुसरी: टोपी न काढता, आतली कड आधी चिकटवून पूर्ण सुकवायची, मग बाहेरच्या कडेला डिंक लावून वूफरला ३० हर्ट्झचा स्वर अगदी हळू द्यायचा, आणि घासण्याचा आवाज जाईपर्यंत कोन बोटांनी किंचित सरकवायचा. ही रीत सोपी आहे, जुनी टोपी वाचते. पण दुखणं उलटलेल्या वूफरसाठी मी पहिलीच सांगीन, कारण टोपी काढली की फटीत टॉर्च मारून कॉइल प्रत्यक्ष पाहता येते. नळकांडं काळवंडलं आहे का, तारेचे वेढे सुटले आहेत का, कड दुमडली आहे का, हे कळल्याशिवाय पुन्हा फोम लावण्यात अर्थ नाही.

काम झाल्यावर दोन्ही वूफर ताडून पाहा. ॲम्पच्या एका तारेत १०० ओमचा रेझिस्टर घालून वूफर खोक्याबाहेर जोडा, मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून वूफरच्या दोन टोकांना लावा, आणि टोन जनरेटर २० हर्ट्झपासून वर न्या. ज्या आकड्याला व्होल्ट सर्वांत जास्त, तो वूफरचा स्वतःचा सूर. जोडीतल्या दोघांत काही हर्ट्झचा फरक चालतो. एक ३२ ला आणि दुसरा ४५ ला येत असेल, तर एका बाजूचा फोम जास्त कडक आहे, आणि कॉइल न घासताही दोन बाजूंचा खर्ज जुळणार नाही.

वूफरच बदलायची वेळ आली तर

कॉइल जळली आहे का ते मीटर सांगतो. ८ ओमच्या वूफरची डीसी रोधकता साधारण साडेपाच ते सात ओम येते. त्याहून बरीच कमी आली तर वेढे आतल्या आत चिकटले आहेत; मीटर काहीच दाखवत नसेल तर तार तुटली आहे, पण ती कॉइलमध्ये न तुटता बाहेरच्या लवचिक तारेत तुटलेली असू शकते. टर्मिनल सोडून, कोनवर जिथे तार टेकते तिथे मोजून खात्री करा.

जेलरोडच्या बाजारात आठ इंची वूफर सहज मिळतो. मिळणारे बहुतेक लग्न-मिरवणुकीच्या कामाचे असतात: कडक कापडी कड, मोठा आवाज, स्वतःचा सूर ६०-७० हर्ट्झ किंवा त्याहून वर. ते आपल्या कामात चांगले आहेत. बंद हाय-फाय खोक्यात मात्र खालचं सप्तक निघून जातं आणि मधला आवाज ट्विटरच्या अंगावर येतो. वूफर आणि खोका यांचं नातं आकड्यांत कसं मांडायचं हे ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला दाखवलं. आज चांगल्या वूफरच्या कागदावर हे आकडे छापलेले असतात. बदलीच्या वूफरचा सूर, त्याचा क्यूटीएस (कोनचं डोलणं किती लवकर आवरतं तो आकडा) आणि व्हीएएस (आधारांइतकाच लवचिकपणा देणाऱ्या हवेचं आकारमान) मूळच्या जवळचे हवेत. कागद नसेल तर निदान सूर मोजून घ्या. संवेदनशीलता ३ डेसिबलनं जास्त असेल तर तो वूफर निम्म्या वॅटमध्ये तेवढाच आवाज देतो, म्हणजे क्रॉसओव्हरनं (वूफर-ट्विटरमध्ये स्वर वाटून देणाऱ्या सर्किटनं) बांधलेला तोल बिघडतो. बदलायचे तर दोन्ही बदला, आणि काढलेले मूळ वूफर फेकू नका. त्याच मॉडेलचा चांगला वूफर पुढे-मागे सापडतो.

ट्विटर पुन्हा पुन्हा जातो

याचा विचार थोडक्यात होतो, कारण कारणं दोनच मोठी. एक, क्रॉसओव्हरमधला जुना बायपोलर इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. त्याचं मूल्य वर्षांनुवर्षं सरकतं, आणि तो शॉर्ट झाला तर खालचे स्वर थेट ट्विटरमध्ये जातात. तेवढ्याच मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर घाला. पोलॅरिटी असलेला साधा इलेक्ट्रोलिटिक चालणार नाही. नव्या कपॅसिटरची आतली रोधकता कमी असल्यानं ट्विटर जरा तीक्ष्ण वाटला, तर अर्धा ते एक ओमचा रेझिस्टर मालिकेत घालून ऐका. दोन, लहान ॲम्प शेवटापर्यंत पिळणं. ॲम्प दमला की लाटेचे माथे कापले जातात आणि वरच्या पट्टीत नको ती शक्ती ट्विटरला मिळते. ट्विटर न जळता नुसता मंद झाला असेल, तर कॉइलभोवतीचं फेरोफ्लुइड (चुंबक धरून ठेवतं असं तेलकट द्रव) वाळून घट्ट झालं असावं; सत्तरच्या दशकापासून अनेक ट्विटरमध्ये ते भरतात. फट टिपकागदानं साफ करून नवं भरता येतं.

कोन बदलायचाच ठरला तर

मग कारागिराला जुनी कॉइल दाखवून मापं लिहून द्या, आणि त्याच्यासमोर बसून घ्या: नळकांड्याचा व्यास, नळकांडं कागदाचं की ॲल्युमिनियमचं, तारेची जाडी, वेढ्यांचे थर किती, गुंडाळलेल्या भागाची उंची, आणि कॉइलचा मध्य कोनच्या गळ्यापासून किती खाली. शेवटचं माप सर्वांत जास्त चुकतं. कॉइल फटीत दोन मिलिमीटर वर किंवा खाली बसली तर ती घासत नाही, दुकानात वाजवून पाहिली तर ठीक वाटते, पण मोठ्या ठोक्याला एका बाजूनं फटीबाहेर जाते आणि डग्गा कोरडा लागतो. जुना कोन आणि कॉइल काम पूर्ण होऊन घरी महिनाभर ऐकून होईपर्यंत परत मागून स्वतःकडे ठेवा. मापात शंका आली तर ताडून पाहायला दुसरं काही नसतं.